टाचेमागची शीर तुटूनही ड्युरंट पुन्हा ड्युरंट कसा झाला, आणि सगळ्यांचं तसं का होत नाही

२०२५ला एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, प्लेऑफमध्ये (सीझनअखेरच्या बाद फेऱ्यांत) आठ आठवड्यांत तीन मोठे खेळाडू एकाच दुखापतीने बाहेर गेले. २७ एप्रिलला मिलवॉकीचा डेमियन लिलार्ड, १२ मेला बॉस्टनचा जेसन टेटम, आणि २२ जूनला थेट फायनलच्या सातव्या मॅचमध्ये इंडियानाचा टायरीस हॅलिबर्टन. तिघांचीही टाचेमागची शीर तुटली आणि योगायोग असा की तिघांच्याही जर्सीवर नंबर शून्य. तेव्हापासून बास्केटबॉल बघणाऱ्या मित्रांमध्ये एकच विषय चालू आहे, की हे परत आल्यावर पूर्वीसारखे खेळतील का. आणि दर वेळी कोणीतरी म्हणतंच, "अरे ड्युरंट नाही का खेळला, हे पण खेळतील."

केविन ड्युरंटची हीच शीर २०१९ला तुटली होती आणि तो परतून खेळला हे खरंच आहे. पण तो कसा खेळला, किती थांबला आणि त्याच्याकडे असं काय होतं जे बाकीच्यांकडे नव्हतं, हे कोणी सांगत नाही. त्यामुळे एखादा स्टार परतला की पहिल्या मॅचला २५ पॉइंट केले तर "आला रे परत" आणि ९ केले तर "संपला" एवढंच आपण बोलतो. मला हे दोन्ही चुकीचं वाटतं, म्हणून जरा सावकाश लिहितोय.

आधी ही शीर म्हणजे काय ते बघू

आपल्याकडे नस, शीर, स्नायू सगळं एकाच श्वासात बोललं जातं. ही रक्ताची शीर नाही. स्नायूला हाडाशी बांधणारी जी चिवट दोरी असते तिला टेंडन म्हणतात, आणि पोटरीला टाचेच्या हाडाशी बांधणारी दोरी म्हणजे अकिलीस टेंडन. टाचेच्या वर मागच्या बाजूला चिमटीत धरून बघा, कडक दोरीसारखं लागतं ना, तीच. शरीरातली सगळ्यात जाड आणि मजबूत टेंडन हीच.

तिचं काम फक्त बांधून ठेवणं एवढंच असतं तर प्रश्न सोपा होता. ती गलोलीच्या रबरासारखं काम करते. लहानपणी गलोल वापरली असेल तर आठवा, दगड हाताच्या जोराने जात नाही, हात फक्त रबर ताणतो आणि साठलेली ताकद सुटते तेव्हा दगड सुसाट जातो. धावताना, उडी मारताना, उभ्या जागेवरून एकदम सुटताना पोटरी ही दोरी ताणते आणि दोरी झटक्यात परत येते. बास्केटबॉलमध्ये ज्याला फर्स्ट स्टेप म्हणतात, म्हणजे समोरच्याला कळायच्या आत टाकलेलं पहिलं पाऊल, त्यात पोटरी आणि या रबराचा फार मोठा वाटा असतो. नुसतं धावतानासुद्धा या दोरीवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो.

आणि गंमत म्हणजे जिथे ती बहुतेक वेळा तुटते, टाचेच्या हाडापासून साधारण २ ते ६ सेंटिमीटर वर, तिथे रक्तपुरवठा कमी असतो. म्हणजे झीज होते पण डागडुजी सावकाश होते, आणि आतून विरत चाललेली दोरी बऱ्याचदा काही दुखत नाही की कळत नाही. एक दिवस एक साधी हालचाल, आणि संपलं.

तुटते तेव्हा काय होतं

११ जून २०१९, आपल्याकडे सकाळचे साडेसहा-सात. टोरांटोत फायनलची पाचवी मॅच, तिकडे अजून १० जूनची रात्र. केविन ड्युरंट महिनाभर पोटरीच्या दुखापतीने बाहेर होता, त्याची टीम गोल्डन स्टेट सात मॅचच्या मालिकेत ३-१ ने मागे होती आणि त्या दिवशी तो उतरला. १२ मिनिटांत ११ पॉइंट, तीनपैकी तीन थ्री पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेले तीन पॉइंटचे शॉट, आत. मी चहा गार करत बघत होतो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये (मॅचच्या चार भागांपैकी दुसऱ्या) तो साधा ड्रिबल करत होता, उजवा पाय मागे रोवला, पुढे सुटायला गेला आणि खाली बसला. कोणी धक्का दिला नव्हता. त्याने पोटरीच्या खालच्या भागाला हात लावला तेव्हाच बघणाऱ्यांना कळलं.

ही हालचाल लक्षात ठेवा कारण बहुतेकांची शीर अशीच तुटते. पाय मागे, टाच जमिनीला, गुडघा जवळजवळ सरळ, आणि त्या स्थितीतून एकदम पुढे. दोरी आधीच पूर्ण ताणलेली आणि त्याच क्षणी पोटरी सगळ्या जोरानिशी ओढते. ज्यांचं झालंय ते सांगतात की मागून कोणी लाथ मारली असं वाटलं, मागे वळून बघितलं तर कोणी नाही. डॉक्टर काय करतात, पालथं झोपवून पोटरी दाबतात. दोरी शाबूत असेल तर पाऊल आपोआप हलतं, तुटली असेल तर हलत नाही. इतकी साधी तपासणी.

हे फक्त एनबीएवाल्यांचं दुखणं नाही हेही सांगून ठेवतो. तिशी-चाळिशीतली माणसं, आठवडाभर खुर्चीत आणि रविवारी सोसायटीत बॅडमिंटन किंवा टर्फवर बॉक्स क्रिकेट, यांच्यात ही दुखापत बऱ्यापैकी होते. आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची काही अँटिबायोटिक्स टेंडनला नाजूक करू शकतात, २००८ पासून अमेरिकेत त्या औषधांवर ठळक इशारा छापावा लागतो. आपल्याकडे मेडिकलमधून अशा गोळ्या सहज आणल्या जातात, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि ती चालू असताना टाचेमागे दुखायला लागलं तर लगेच सांगा.

"ऑपरेशन झालं, वर्ष झालं, मग आता काय प्रॉब्लेम?"

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सगळं उत्तर यातच आहे.

हाड मोडलं आणि नीट जुळलं तर बऱ्याचदा पूर्वीइतकंच पक्कं होतं. टेंडनचं तसं नाही. तुटलेल्या दोरीची टोकं कापलेल्या दोरीसारखी नीट नसतात, केरसुणीसारखी पिंजारलेली असतात. सर्जन ती दोन पिंजारलेली टोकं जवळ आणून एकमेकांत ओवून शिवतो. त्यानंतर शरीर तिथे नवीन धागे भरतं, पण घाईत भरलेले ते धागे आधी वेडेवाकडे आणि कच्चे असतात, मग महिनोन्‌महिने भार घेत घेत ते सरळ रेषेत येतात आणि पक्के होतात. हे काम वर्षभर, कधी त्याहून जास्त चालू असतं. चांगल्या साडीला रफू केलेलं असतं ना, लांबून दिसत नाही, साडी नेसताही येते, पण बोट फिरवलं की कळतं की इथली वीण वेगळी आहे. तसंच.

त्यात खरी मेख आहे लांबीची. भरून येताना दोरी थोडी ताणली जाते आणि काही मिलिमीटर, कधी सेंटिमीटरभर, जास्त लांब होऊन बसते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण गलोलीचं रबर सैल पडलं तर काय होतं? तुम्ही तेवढाच हात मागे नेता, पण अर्धा हात नुसता ढिलाई भरण्यात जातो आणि दगड जवळच पडतो. पोटरीचं हेच होतं, ती पूर्ण आकसली तरी टाच पूर्वीइतकी वर जात नाही. म्हणून एका पायावर उभं राहून टाच किती उंच आणि किती वेळा उचलता येते ही चाचणी या दुखापतीनंतर फार महत्त्वाची मानतात. चांगलं ऑपरेशन, चांगला व्यायाम, सगळं करूनही पोटरीची ताकद दुसऱ्या पायापेक्षा १० ते ३० टक्के कमी राहिलेली बऱ्याच पेशंटमध्ये सापडते, आणि पोटरी बारीकही राहते, कित्येकांच्या फोटोतसुद्धा दिसते.

म्हणूनच सुरुवातीच्या आठवड्यांत बूट घालून पाऊल खाली झुकवलेलं ठेवतात, टाचेखाली पाचरी ठेवतात आणि एकेक करून काढतात. दोरी ताणली जाऊ नये हाच हेतू. आपल्या घरात अशा वेळी कोणीतरी मायेने म्हणतंच की तेल लावून चोळ, पाय ताणून बघ, मोकळा होईल. या दुखापतीत सुरुवातीला तो ताणच सगळ्यात वाईट, कृपा करून करू नका. चालायला तीन-चार महिने, हळू पळायला पाच-सहा, आणि खेळायला नऊ ते बारा महिने असा साधारण हिशोब असतो, आणि "खेळायला परवानगी" म्हणजे "पूर्वीसारखा" असा त्याचा अर्थ अजिबात नाही.

आकडेच हवे असतील तर अमेरिकन डॉक्टरांनी २०१३ मध्ये छापलेला एक अभ्यास आहे. १९८८ ते २०११ या काळात एनबीएतल्या ज्या १८ खेळाडूंची ही शीर पूर्ण तुटून ऑपरेशन झालं त्यांचा. त्यातले ७ परत एनबीएत खेळलेच नाहीत. जे ११ परतले त्यांची मॅचमागे मिनिटं पहिल्या सीझनला सरासरी पाचेक मिनिटांनी कमी झाली आणि एकूण उपयोगाचा जो आकडा काढतात तोही ठळकपणे घसरला, दुसऱ्या सीझनलाही फारसा सावरला नाही. १८ म्हणजे फार थोडे लोक, आणि तेव्हापासून उपचार सुधारलेत, हे मान्य. पण २०१९ला ड्युरंट पडला तेव्हा लोकांच्या पोटात गोळा का आला ते यावरून कळेल.

ड्युरंटने नेमकं काय केलं

पहिली गोष्ट म्हणजे तो थांबला. १२ जून २०१९ला ऑपरेशन झालं, त्याच उन्हाळ्यात तो ब्रुकलिनला गेला, आणि २०१९-२०चा अख्खा सीझन त्याने सोडला. कोविडमुळे सीझन थांबला आणि २०२०च्या जुलैअखेर ऑर्लँडोत बंदिस्त जागेत परत सुरू झाला, तेव्हा दुखापतीला १३ महिने झाले होते, तरी तो उतरला नाही. त्याची टीम तिथे खेळली, तो नाही. शेवटी २२ डिसेंबर २०२०ला तो आला, ५६१ दिवसांनी, आणि समोर कोण तर त्याची जुनी टीम गोल्डन स्टेट. २५ मिनिटांत २२ पॉइंट.

आता तुलना बघा. दुखापतीआधीच्या सीझनला त्याची सरासरी २६.० पॉइंट, परतल्यावरच्या सीझनला २६.९. शॉट आत जायचं प्रमाण आधी ५२.१ टक्के, नंतर ५३.७. थ्री पॉइंटर आधी ३५.३ टक्के, नंतर थेट ४५. म्हणजे वयाच्या ३२व्या वर्षी, शिवलेल्या पायावर, तो आधीपेक्षा अचूक झाला. कागदावर तर दुखापत झालीच नाही असं वाटावं.

पण त्याच कागदावर अजून एक आकडा आहे जो कोणी मोठ्याने वाचत नाही. आधीच्या सीझनला तो ८२ पैकी ७८ मॅच खेळला होता, परतल्यावर ७२ पैकी ३५. लागोपाठ दोन दिवस मॅच असली की सुरुवातीला एक दिवस विश्रांती, मग मध्ये कोविडच्या नियमांमुळे काही मॅच गेल्या, आणि फेब्रुवारीत डाव्या मांडीचा मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, दुखावला तो एप्रिलपर्यंत. पुढच्या सीझनला ५५ मॅच, त्यापुढच्या ४७, दोन्ही वेळा मुख्य कारण गुडघ्याच्या बाजूचं लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा), जे दोन्ही वेळा दुसऱ्या कोणाच्या धडकेने दुखावलं, त्यामुळे सगळा दोष त्या टाचेवर टाकणं बरोबर नाही. पण "फॉर्म परत आला" म्हणताना आपण जो मैदानात दिसतो त्याचाच फॉर्म मोजतो, जो बेंचवर साध्या कपड्यात बसलेला असतो त्याचा नाही. २०२३-२४ला, पस्तिशीत, तो ७५ मॅच खेळला आणि सरासरी २७.१ राहिली. मला विचाराल तर त्याचं पुनरागमन खऱ्या अर्थाने पूर्ण झालं ते त्या वर्षी. तोवर दुखापतीला चार वर्षं होऊन गेली होती.

त्याचं जमलं यात त्याच्या अंगकाठीचा आणि खेळाच्या जातीचा मोठा हात आहे. जवळजवळ सात फूट उंची, त्याहून लांब हात, आणि बॉल सोडतो तो डोक्याच्याही वरून. समोरच्याला पूर्ण चकवून पुढे जायची त्याला गरजच नसते. थोडी जागा मिळाली, अर्धं पाऊल सरकला, थोडा उंच झाला की शॉट मोकळा. म्हणजे ज्या गलोलीचं रबर सैल पडायची भीती होती, त्या गलोलीवर त्याचं पोट अवलंबूनच नव्हतं. टेटममध्ये यातलं काही आहे, उंची आणि शूटिंग दोन्ही. लिलार्डकडे लांबून मारायची हुकमी नजर आहे पण उंची नाही आणि दुखापतीच्या वेळी वय ३४. हॅलिबर्टन अवघ्या २५चा होता आणि त्याचा खेळ पासिंगचा, म्हणजे डोक्याचा, तो शिवलेल्या पायानेही टिकतो असं मला वाटतं.

"मग कोबीचं का नाही झालं? त्याच्याएवढी जिद्द कोणाची होती?"

जिद्दीबद्दल प्रश्नच नाही. १२ एप्रिल २०१३ला लॉस एंजेलिस लेकर्सच्या कोबी ब्रायंटची डावी शीर तुटली आणि तो तुटलेल्या पायाने फ्री थ्रो लाइनवर, म्हणजे फाउलनंतर मोकळे शॉट मारायच्या रेषेवर, उभा राहिला, दोन्ही आत टाकले आणि मग चालत आत गेला. माझ्या पिढीतल्या कोणीही ते बघितलं असेल तर विसरणार नाही.

पण जिद्दीने धागे लवकर पक्के होत नाहीत. वय ३४, पाठीशी १७ सीझन, आणि पडायच्या दोनच दिवस आधी पोर्टलँडमध्ये तो पूर्ण ४८ मिनिटं खेळला होता, ४७ पॉइंट. लेकर्सना प्लेऑफमध्ये न्यायचंच म्हणून तो आठवड्यांमागून आठवडे असा पिसला जात होता. आणि परतला कधी, तर ८ डिसेंबर २०१३ला, बरोबर २४० दिवसांनी. ड्युरंटचे ५६१ आणि याचे २४०. सहा मॅच खेळला, सरासरी १३.८, आणि सहाव्या मॅचमध्ये त्याच डाव्या पायाचं गुडघ्यातलं हाड मोडलं. लवकर परतल्यामुळेच गुडघा गेला असं कोणी सिद्ध केलेलं नाही, मीही म्हणणार नाही. पुढे त्याने २२ पॉइंटच्या सरासरीचा अर्धा सीझन खेळला, पण शॉट आत जायचं प्रमाण ३७ टक्क्यांवर आलं होतं. शेवटच्या मॅचचे ६० पॉइंट सगळ्यांना आठवतात, मधली तीन वर्षं कोणाला आठवत नाहीत. मला आठवतात, कारण त्या प्रत्येक मॅचला वाटायचं की आज तो जुना कोबी दिसेल.

डीमार्कस कझिन्सचं अजून वाईट झालं. २५ पॉइंटच्या वर सरासरी असताना जानेवारी २०१८ला शीर तुटली, जवळजवळ वर्षाने परतला, सरासरी १६, मग काही महिन्यांत मांडीचा स्नायू फाटला आणि त्याच उन्हाळ्यात गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट गेलं. धिप्पाड माणूस, सगळा खेळ ताकदीचा आणि पायांच्या रेट्याचा.

"उंची आणि शूटिंग हेच कारण असेल तर डॉमिनिक विल्किन्सचं काय?"

हा प्रश्न जाणकार विचारतात आणि तो रास्त आहे. अटलांटाचा विल्किन्स म्हणजे उडी. डंकसाठीच, म्हणजे उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबण्यासाठीच, प्रसिद्ध. जानेवारी १९९२ला, वयाच्या ३२व्या वर्षी, शीर तुटली, आणि तेव्हाचे उपचार आजच्या मानाने कितीतरी मागे. लोकांनी त्याला संपवलंच होतं. पुढच्या सीझनला २९.९ पॉइंटची सरासरी, लीगमध्ये फक्त मायकल जॉर्डन त्याच्या पुढे.

म्हणजे माझा सिद्धांत मोडला का? थोडा मोडतोच, मान्य करतो. काही शरीरं वेगळीच असतात आणि काही ऑपरेशनं फार सुंदर जमतात. पण त्या सीझनला विल्किन्सने बाहेरून मारायचं प्रमाण खूप वाढवलं, थ्री पॉइंटरचे प्रयत्न आधीपेक्षा भरपूर जास्त. तोही डंक मारत राहिला, फक्त पोटापाण्यासाठी डंकवर अवलंबून राहिला नाही.

बायकांच्या खेळातलं उदाहरण तर आपल्याकडे कोणी घेतच नाही, म्हणून मुद्दाम देतो. ब्रियाना स्टुअर्ट, २०१८ची डब्ल्यूएनबीएची सर्वोत्तम खेळाडू, एप्रिल २०१९ला युरोपात खेळताना उजवी शीर तुटली. पुढचा अख्खा सीझन बाहेर, २०२०ला परतली, सिएटलला चॅम्पियन केलं आणि फायनलची सर्वोत्तम खेळाडू ठरली. वय २५-२६, उंच, शूटिंग उत्तम, आणि थांबली १५ महिने. ड्युरंटच्या गोष्टीशी किती जुळतंय बघा.

"हे सगळं डोक्यात असतं हो"

काही अंशी खरं आहे. ज्या पायाने एकदा दगा दिला त्यावर पुन्हा पूर्ण भार टाकताना मन कचरतं, आणि बास्केटबॉलमध्ये अर्धा सेकंद कचरलात की समोरचा पोचलेला असतो. जिन्यात एकदा पाय घसरून पडलेला माणूस वर्षभर कठडा धरून उतरतो तसं. पण फक्त डोक्यात असतं असं म्हणणं अन्याय आहे. पोटरी खरंच कमी ताकदीची असू शकते, दोरी खरंच लांब झालेली असू शकते, आणि त्याला "घाबरतो" म्हणून हिणवण्यात काय अर्थ आहे?

गोल्डन स्टेटच्या क्ले थॉम्पसनचं बघा. २०१९ला डाव्या गुडघ्याचं एसीएल, ते बरं होत असतानाच नोव्हेंबर २०२०ला उजवी अकिलीस. ९४१ दिवस मैदानाबाहेर. जानेवारी २०२२ला परतला, १७ पॉइंट, त्यात एक जोरदार डंक, त्याच वर्षी चॅम्पियनही झाला, आणि पुढच्या सीझनला ३०१ थ्री टाकून लीगमध्ये पहिला आला. म्हणजे मन खंबीर, नजर शाबूत, हात शाबूत. पण जो क्ले आधी समोरच्या टीमच्या सगळ्यात चपळ गार्डला अंगावर घ्यायचा, बाजूला सरकत सरकत त्याला कोंडायचा, तो क्ले माझ्या मते परत आला नाही. शूटिंग हातात असतं, डिफेन्स पायात असतो. स्कोअरकार्डवर पहिलं दिसतं, दुसरं नाही.

"पोटरी दुखत असताना खेळवलं म्हणूनच तुटली"

ड्युरंटची आधी उजवी पोटरी दुखावली होती आणि उजवीच शीर तुटली. हॅलिबर्टनचंही तेच, फायनलच्या पाचव्या मॅचला उजवी पोटरी, सातव्या मॅचला सात मिनिटांत तीन थ्री टाकले आणि उजवी शीर गेली. साहजिकच लोक चिडले. २०१९ला गोल्डन स्टेटचे जनरल मॅनेजर बॉब मायर्स डोळ्यांत पाणी आणून म्हणाले होते की कोणाला दोष द्यायचाच असेल तर मला द्या.

मला वाटतं पोटरी आणि शीर एकाच यंत्राचे दोन भाग असल्यामुळे शंका येणं बरोबर आहे. एक भाग अशक्त झाला की ताण दुसऱ्यावर जाणार हे समजायला डॉक्टर लागत नाही. पण टेटमबद्दल अशी कुठली पोटरीची तक्रार समोर आली नव्हती, तो मोकळा बॉल पकडायला झेपावला आणि गेला. त्या रात्री ४२ पॉइंट झाले होते त्याचे. म्हणून "म्हणूनच" हा शब्द मी वापरणार नाही. खेळाडूलाही खेळायचं असतं, फायनल असते, आयुष्यात किती वेळा येते. हॅलिबर्टनने नंतर स्वतःच सांगितलं की पुन्हा तसाच निर्णय घेतला असता.

मग परतल्यावर बघायचं काय

पहिल्या पाच मॅचच्या टक्केवारीवर भांडू नका. साधा हिशोब करा. मॅचमागे १५ शॉट धरले तर पाच मॅचचे ७५. त्यातले ३४ आत गेले तर ४५ टक्के, ३० गेले तर ४०. चार बॉल रिंगवर फिरून बाहेर पडले तेवढ्यात माणूस "स्टार"चा "संपलेला" झाला. तीन इनिंगवरून बॅट्समन ठरवण्यातला प्रकार.

त्यापेक्षा पाय बघा. समोरच्याला चकवून आत जातो का, की दर वेळी अर्ध्यात थांबून मागे पास देतो. डिफेन्समध्ये समोरचा दिशा बदलतो तेव्हा हा किती लवकर बदलतो. एका पायावर उडी घेतो की दोन्ही पाय गोळा करून मग उडतो. इथे अजून एक बारकावा आहे, उजव्या हाताने लेअप (धावत जाऊन रिंगच्या जवळून हळूच टाकलेला बॉल) टाकणारे बहुतेक लोक डाव्या पायावरून उडतात, त्यामुळे कोणता पाय तुटला होता यानेही फरक पडत असावा. कोबीचा डावा होता, ड्युरंटचा उजवा. हा माझा अंदाज आहे, डॉक्टरांचा नाही.

मग चौथा क्वार्टर बघा. पाय थकले की शॉट आधी आखूड पडायला लागतो, बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागतो. कुठल्याही तालमीतला कोच हे ओरडून सांगत असतो, की पायातून मार, हातातून नको. लागोपाठ दोन रात्री मॅच असताना खेळतो का ते बघा. आणि शक्य असेल तर निकाल पहिल्या सीझनला लावूच नका, दुसऱ्याला लावा. पहिल्या वर्षात पेशंट खेळत असतो, खेळाडू दुसऱ्या वर्षात येतो.

ड्युरंटची परतल्यानंतरच्या पहिल्या प्लेऑफमधली मिलवॉकीविरुद्धची मालिका मी पुन्हा पुन्हा बघितली आहे. १५ जून २०२१, पाचवी मॅच, ४९ पॉइंट, १७ रीबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल), १० असिस्ट (सहकाऱ्याला स्कोअर करून देणारे पास), आणि पूर्ण ४८ मिनिटं, एक सेकंदही बसला नाही. दोन वर्षं आणि पाच दिवस आधी टोरांटोत जो खाली बसला होता, तोच माणूस. चार दिवसांनी सातवी मॅच. शेवटचा एक सेकंद राहिला असताना त्याने गिरकी घेऊन लांबून शॉट मारला, आत गेला, पण बुटाचं टोक रेषेवर होतं म्हणून तीनच्या जागी दोन पॉइंट. १०९-१०९. ओव्हरटाइम. तिथे त्याचे सहाच्या सहा शॉट चुकले, शेवटचा तर रिंगलाही लागला नाही, आखूड पडला. ५३ मिनिटं आणि ४८ पॉइंट झाल्यावर.

तो बॉल आखूड पडला तो शिवलेल्या टाचेमुळे की ५३ मिनिटांमुळे, हे त्या एका बॉलवरून कोणालाच सांगता येणार नाही. मी बरेच दिवस ठामपणे सांगायचो की पाय गेला त्याचा. सात आठवड्यांनी टोकियोत ऑलिंपिक फायनलला फ्रान्सविरुद्ध त्याने २९ पॉइंट टाकले आणि अमेरिका ८७-८२ने जिंकली.